स्मृतिभ्रंश आणि सोबतीचा उपचार

करी रोडच्या एखाद्या जुन्या चाळीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. पहाटेचे पाच वाजले आहेत. ऐंशी ओलांडलेले आजोबा अंथरुणावरून उठले आहेत, अंगात सदरा चढविला आहे, आणि अंधारात ते चपला चाचपीत आहेत. सून जागी होते. "बाबा, एवढ्या पहाटे कुठे निघालात?" आजोबा म्हणतात, "पहिली पाळी आहे. डबा भर." आजोबा साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा जे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते; पुन्हा आत जाणे काही झाले नाही. त्यांच्या गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत उभी आहे. भोंगा नाही, फाटक नाही, फाटकापाशी उभा राहणारा चहावालाही नाही. तरी त्यांना पाळीला जावयाचे आहे, आणि उशीर होत आहे म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला आहे.

हे आजोबा माझ्या कल्पनेतले आहेत; परंतु आपल्यापैकी काहींनी त्यांना ओळखलेही असेल. कोणाच्या घरी ते वडील असतील, कोणाच्या घरी सासूबाई. गिरणीऐवजी कोणाला माहेरी जावयाचे असेल, कोणाला शाळेतून मुलाला आणावयाचे असेल, आणि तो मुलगा पन्नाशीचा होऊन समोरच उभा असेल.

सुनेने त्या पहाटे काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय आहे. प्रश्न दिसतो घरगुती. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांत शहाण्या माणसांनी याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्यांतली काही मागाहून बदललीही.

प्रथम नावाविषयी थोडे बोलू. आपल्याकडे या अवस्थेला म्हातारचळ म्हणतात आणि साठीची बुद्धी नाठी झाली असे म्हणून विषय संपवितात. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात त्याला आता आपण स्मृतिभ्रंश हा शब्द वापरतो. शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आला आहे. पण तेथे तो क्रोधाच्या परिणामांविषयी आहे, आजाराविषयी नव्हे. 'चळ' या शब्दात दोष रुग्णाच्या पदरी पडतो. त्याने मुद्दाम केले, हट्टाने केले, सुनेला छळण्यासाठी केले, असे घराला वाटू लागते. मेंदूतल्या पेशी झिजून, मरून, किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटून हे घडते, हे एकदा कळले म्हणजे निम्मा राग तरी उतरतो.

या आजाराचा जो सर्वांत मोठा प्रकार, त्याला आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराचे नाव आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक बाई त्यांच्या तपासणीत आली. १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून अल्झायमरांनी त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथे आपला वृत्तांत मांडला. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. आज भारतात साठीपुढच्या माणसांत शंभरांत सातांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसे कोणत्या तरी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला.

औषधे आहेत, नाहीत असे नाही. १९९०नंतर जी गोळ्यांची औषधे आली, ती काहींना काही काळ थोडी मदत करतात. अगदी अलीकडे निघालेली इंजेक्शने आजाराच्या आरंभी त्याचा वेग किंचित कमी करतात. ती फार महाग आहेत आणि त्यांना कडक देखरेख लागते. गेलेली स्मृती परत आणणारे औषध मात्र आजतागायत निघालेले नाही. रुग्ण रात्री ओरडतो, हिंडतो, म्हणून त्याला गुंगीत ठेवणारी मनोविकाराची औषधे द्यावीत, हा मोह घरच्यांना आणि क्वचित डॉक्टरांनाही होतो. या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २००५ साली दिला. तेव्हा ती नाइलाजाची आहेत, आणि थोडे दिवसच द्यावयाची आहेत.

एक सूचना मात्र आधीच केली पाहिजे. विसरणारा प्रत्येक म्हातारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नसतो. थायरॉइडची तक्रार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता, चुकीच्या गोळ्यांचे मिश्रण, यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि यांवर इलाज आहे. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी, मग बाकीचे. परळचे के. ई. एम. रुग्णालय या वस्तीपासून दूर नाही. तपासणीत कानही तपासून घ्यावेत, असे मी मुद्दाम सांगतो. साचेखात्यात ज्यांनी वीस-वीस वर्षे काढली, त्यांचे कान त्या खडखडाटाने कधीच गेलेले असतात. तेथे बोलणे ऐकू येतच नसे. माणसे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांचे समजून घेत. बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या चौदा कारणांपैकी एक आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली नमूद केले. शिवाय ज्याला प्रश्नच ऐकू गेला नाही, तो भलतेच उत्तर देणार, आणि आपण म्हणणार की याला भ्रम झाला!

आता त्या पहाटेकडे वळू.

पहिले उत्तर असे की खरे ते सांगावे. "बाबा, गिरणी केव्हाच बंद झाली. आता कसली पाळी?" याला शास्त्राचा आधारही मिळाला होता. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात जेम्स फोलसम या डॉक्टरांनी १९५८च्या सुमारास एक पद्धत सुरू केली. तिला वास्तवाचे भान देणे असे म्हणता येईल. भिंतीवर मोठ्या अक्षरांत फळा लावावयाचा: आज कोणता वार, कोणती तारीख, कोणता ऋतू, आपण कोठे आहोत. भेटणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टी रुग्णाला सहज बोलता बोलता सांगावयाच्या. ज्या काळी अशा माणसांना खाटेवर पडू देण्यापलीकडे कोणी काही करीत नसे, त्या काळी हे मोठेच पाऊल होते. मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि रोज फाडावयाचे दिनदर्शिकेचे पान आजही उपयोगी पडते, विशेषतः आजाराच्या आरंभी.

पण या पद्धतीत एक काटा आहे, आणि तो मी स्वतःच्या हाताने एकीला टोचला आहे. माझी एक मावशी लालबागला राहत असे. शेवटच्या वर्षांत ती दुपार कलली की दाराशी येऊन विचारी, "हे अजून कसे आले नाहीत?" काका वारून अकरा वर्षे झाली होती. मी शिकलेला, खोटे बोलणे बरे नव्हे, असे मानणारा. मी सांगे, "मावशी, काका आता नाहीत." तिला ती बातमी दरवेळी नवीच असे. ती रडे, मग थकून गप्प होई, मग विसरे, आणि घटकाभराने पुन्हा विचारी. एका दुपारी मी तिला तीन वेळा विधवा केले. शेवटी शेजारच्या खोलीतल्या बाई उठून आल्या. त्यांनी मावशीचा हात धरला आणि विचारले, "काय हो, भजनाला गेल्यावर यांना नेहमीच उशीर होई का?" मावशी म्हणाली, "नेहमीच! पखवाज हाती आला की घर कुठले आठवते त्यांना?" आणि पुढचा अर्धा तास ती नवऱ्याविषयी बोलत राहिली. त्या बाईंनी एकही खोटे वाक्य उच्चारले नव्हते.

त्या बाईंनी जे सहज केले, त्याला नाव देणारी एक स्त्री अमेरिकेत होऊन गेली. नाओमी फाइल यांचे वडील क्लीव्हलंड येथे एका वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक होते. तेथेच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १९६३पासून पुढच्या वर्षांत वृद्धांबरोबर काम करताना त्यांनी वास्तवाचे भान देण्याची पद्धत वापरून पाहिली आणि सोडून दिली. त्यांचे म्हणणे असे की शब्द चुकीचे असले तरी शब्दांमागची भावना खरी असते, आणि उत्तर द्यावयाचे ते भावनेला. पाळीला निघालेल्या माणसाला गिरणी हवी असते असे नाही. आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत, आपल्या हजेरीची कोठे तरी नोंद आहे, हे त्याला हवे असते. ही विचारसरणी मला मान्य आहे. परंतु येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की फाइलबाईंच्या पद्धतीने आजाराच्या लक्षणांत किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा चाचण्यांतून मिळालेला नाही. ज्या गोष्टीचे मोजमाप झाले नाही ती खोटी ठरत नाही, पण सिद्धही ठरत नाही.

मग सुनेने "आज गिरणीला सुट्टी आहे बाबा, झोपा" असे म्हणून वेळ मारून न्यावी काय? पुष्कळ घरांत हेच केले जाते. रात्रभर न झोपलेल्या बाईने पहाटे पाच वाजता तसे केले तर तिला नावे ठेवणारा मी कोण? तरी टॉम किटवुड या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे पुस्तक १९९७ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. स्मृतिभ्रंशाच्या माणसाचे खच्चीकरण मेंदूतल्या बिघाडाने होते तितकेच भोवतालच्या माणसांच्या वागण्यानेही होते, असा त्यांचा मुख्य विचार. त्यांनी अशा वागण्याची यादीच दिली आहे. फसविणे, तान्ह्या मुलासारखे वागविणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी असे बोलणे की जणू तो तेथे नाहीच, त्याला घाई करणे, त्याच्या हातातले काम काढून घेणे. ही यादी वाचताना दुष्ट माणसे डोळ्यांपुढे येत नाहीत; दमलेली, प्रेमळ माणसेच येतात. "राहू द्या आई, तुम्हांला नाही जमायचे," हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते. पण त्यानंतर आईच्या हातून विळी जाते, मग पोळपाट जातो, मग आई खुर्चीत बसून राहते.

माझ्या मते सत्याचा घाव आणि खोट्याची गुंगी यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, आणि ती म्हणजे विचारणे. "कोणत्या खात्यात हो बाबा तुम्ही? एकावेळी किती साचे सांभाळायचे? मी चहा टाकते, तोवर बसा." आजोबा बसतील, कदाचित बसणार नाहीत. बसले तर चहा होईपर्यंत त्यांना दोन साच्यांच्या मधली अरुंद वाट, तुटलेला धागा, हातातला धोटा, यांतले काही तरी सांगता येईल, आणि सांगणाऱ्याचा मान त्यांना मिळेल. पाळीची निकड मग बहुधा ओसरते. नाहीच ओसरली, तर सदरा अंगात आहेच. गॅलरीच्या टोकापर्यंत त्यांच्याबरोबर चालून यावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हे पंडित हत्तीच्या मागे जाता जाता हरवतात, आणि माहुताच्या बायकोच्या आश्रयाला येऊन पोहोचतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरच्या माणसांना वडिलांच्या विद्वत्तेची आठवण आहे, म्हणून तिचे जाणे त्यांना क्षणोक्षणी बोचते. माहुताच्या बायकोला ते कोण होते हे ठाऊकच नाही. समोर आहे त्या माणसाला भूक लागली आहे, तो भ्यायला आहे, एवढेच ती पाहते, आणि तेवढे पुरे होते. मुलामुलींना हे सहजी जमत नाही, यात त्यांचा दोष नाही. त्यांना जो माणूस हवा आहे तो त्यांच्या डोळ्यांदेखत जात असतो.

येथवर एका माणसाशी कसे बोलावे ते पाहिले. आता गटाने करावयाचे उपचार. यांत सर्वांत चांगला तपासलेला उपचार इंग्लंडात तयार झाला. त्याला बुद्धीला चालना देणारा गट-उपचार म्हणू. एमी स्पेक्टर, बॉब वुड्स, मार्टिन ऑरेल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची चाचणी २००३ साली प्रसिद्ध केली. वृद्धाश्रमांतली व दिवसाच्या केंद्रांतली २०१ माणसे तीत होती. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास, सात आठवड्यांत चौदा बैठका. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांची बुद्धी आणि त्यांनी स्वतः सांगितलेले जीवनमान, दोन्ही इतरांहून सुधारली. आणि बुद्धीतली सुधारणा त्या वेळच्या गोळ्यांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीची होती. सौम्य आणि मध्यम आजारासाठी हा उपचार ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने सुचविलेला आहे. आपल्या देशात चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेने तो तमिळ माणसांसाठी जुळवून घेतला.

त्यात विशेष ते काय? परीक्षा घ्यावयाची नाही, हे विशेष. "हा कोण, ओळखा पाहू!" हा आपल्याकडे प्रत्येक पाहुण्याचा आवडता प्रश्न, तो रुग्णाला वर्गात उभे केल्यासारखा वाटतो. या गटात माहिती विचारीत नाहीत, मत विचारतात. "हे पंतप्रधान कोण?" असे नव्हे, तर "या दोन फोटोंतला कोणता माणूस तुम्हांला भला वाटतो?" मताला चूक-बरोबर नसते. विषय रोज बदलतात: खाणे, पैसे, लहानपण, आवाज, चालू घडामोडी. पद्धत परकी असली तरी साहित्य परके असून चालणार नाही. ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, त्याच दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे बायकांची रीघ लागते. तेव्हा एका ताटात बेडगी, काश्मिरी आणि लवंगी मिरची मांडावी, दुसऱ्यात धणे, दगडफूल, नागकेशर. कोकणातल्या बाईने आपले प्रमाण सांगावे, घाटावरच्या बाईने नाक मुरडावे. ज्या बाईला आपल्या नातवाचे नाव आठवत नाही, ती एक किलो मिरचीला धणे किती हे बिनचूक सांगेल, आणि मिरची हाताने मोडून ती जुनी की नवी हेही सांगेल.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्मृती ही एकच पेटी नव्हे. काल काय झाले ते साठविणारी स्मृती अल्झायमरच्या आजारात आधी जाते. हातांना झालेली सवय, तोंडपाठ झालेले पाढे, लहानपणीचे सूर, ही पुष्कळ मागाहून जातात. म्हणून भाकरी थापणे, वाती वळणे, टाळ धरणे, मृदंगाचा ठेका, ही कामे बोलणे थांबल्यावरही काही काळ चालू राहतात. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संस्था उभी केली. अशा बाईला स्मृतिभ्रंश झाला असता तिच्यापुढे रंगीत ठोकळे ठेवणे हा तिचा अपमान आहे. परातीत पीठ ठेवावे. भाकरी वाकडी झाली तर झाली.

जुन्या आठवणी काढण्याचा उपचार हाही याच कुळातला. पूर्वी डॉक्टर म्हणत की म्हाताऱ्यांना भूतकाळात रमू देऊ नये, ते बुद्धी ढळल्याचे लक्षण आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली याच्या नेमके उलट मांडले: आयुष्याचा हिशेब मांडणे ही वार्धक्याची स्वाभाविक गरज आहे. त्यातून पुढे वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागविण्याची पद्धत आली. करी रोडला याचे साहित्य माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेले आहे: गिरणीचा पास, पगाराचे पाकीट, बॉबिन, नाटकाच्या स्पर्धेचा चषक, गणपतीच्या मंडळाचा जुना फोटो. ट्रंक उघडावी, पण जपून. या आठवणींत बोनस आणि भजने आहेत, तशी १९८२ची उपासमारही आहे. गावी पाठविलेली मुले आहेत, विकलेले दागिने आहेत, मिळाले नाहीत ते पैसे आहेत. पगाराचे पाकीट पाहून एखादा माणूस खुलेल, तर दुसरा ढसाढसा रडेल. रडू आले म्हणजे विषय झटकन बदलावयाचा नसतो. जवळ बसावयाचे असते. आठवण काढणाऱ्याला समोरच्याच्या आयुष्याची थोडी तरी माहिती असावी, ती याचसाठी.

अवघड वागण्यासंबंधी थोडे सांगणे आवश्यक आहे. संध्याकाळी बेचैन होणे, तोच प्रश्न शंभरदा विचारणे, आंघोळीला नकार, शिव्या, हिंडणे. यांतल्या प्रत्येक गोष्टीमागे काही तरी कारण असते, आणि ते रुग्णाला सांगता येत नाही. दुखते आहे काय? तहान लागली आहे काय? पोट साफ झाले आहे काय? लघवीची जळजळ आहे काय? माणूस एका दिवसात एकदम बिघडला, तर दुसरा विचार न करता डॉक्टरांना दाखवावे. आंघोळीला नकार देणाऱ्या बाईला पुष्कळदा कपडे उतरविण्याची लाज वाटते. अंगावर पातळ राहू देऊन तांब्याने पाणी घातले म्हणजे ती शांत राहते. रात्री वाट चुकत असेल, तर संडासाच्या दारावर दिवा ठेवावा.

हा दारांचा प्रश्न या वस्तीत लहान नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या बी. डी. डी. चाळी १९२०नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांचे घर. हे घर त्या कुटुंबांनी तीन पिढ्या वाट पाहून मिळविले आहे, आणि मी त्याच्या विरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की चाळीतली उघडी दारे आणि गॅलरी ही स्मृतिभ्रंशाच्या माणसाची न कळत राखण करीत. आजोबा जिना उतरू लागले की चार घरांतून हाक येई, "काय आबा, कुठे निघालात?" बंद दारांच्या उंच इमारतीत सगळे मजले सारखे दिसतात आणि उद्वाहनात कोणी कोणाला ओळखत नाही. घर बदलल्यावर असा माणूस एकाएकी बिघडतो, हा पुष्कळ कुटुंबांचा अनुभव आहे. म्हणून नव्या घरी त्याला आधी दोन-चारदा न्यावे. त्याची जुनी खाट, देव्हारा, भिंतीवरचे घड्याळ नव्या घरात त्याच बाजूला ठेवावे. दारावर नावाच्या पाटीबरोबर त्याच्या तरुणपणचा फोटो लावावा. आताचा चेहरा त्याला कदाचित परका वाटेल, पण तो तरुण आपणच हे तो पुष्कळदा ओळखतो. पहारेकऱ्याला आणि खालच्या दुकानदाराला आजार सांगून ठेवावा. लपविण्यात अब्रू राखली जात नाही. माणूस मात्र हरवतो.

आता ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, त्याच्याकडे येतो. रुग्ण एक असतो, पण आजारी दोघे पडतात. दुसरी बहुधा सून, बायको किंवा लेक असते.

गोव्यात या संबंधात जे काम झाले, त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. जगातले दोन तृतीयांश, म्हणजे शंभरांत सहासष्ट स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब व विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरचे संशोधन मात्र शंभरांत दहाहूनही कमी, या विषमतेवरून १०/६६ असे नाव घेतलेला एक आंतरराष्ट्रीय अभ्यासगट आहे. त्याच्याशी संबंधित असलेले डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर एक चाचणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. काही कुटुंबांकडे सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, गृहसेवा सल्लागार जात. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा जाणणारी, बोलकी, थोडे शिक्षण देऊन तयार केलेली माणसे ती. त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ असत. ते आजार समजावून सांगत, कठीण वागण्याला काय करावे ते सांगत, इतर नातलगांना कामाचा वाटा उचलावयास लावीत, सरकारी योजनांची माहिती देत, आणि ऐकून घेत. सहा महिन्यांनी सेवा करणाऱ्या माणसांच्या मनःस्थितीत स्पष्ट सुधारणा दिसली. रुग्णाच्या वागण्यातली सुधारणा मात्र निश्चितपणे सिद्ध होण्याइतकी नव्हती.

कोणी म्हणेल, मग रुग्णाला काय मिळाले? त्याचे उत्तर न्यूयॉर्कहून मिळते. तेथे मेरी मिटेलमन यांनी रुग्णांच्या पती-पत्नींना समुपदेशन दिले: दोन बैठका एकट्याबरोबर, चार बैठका सगळ्या कुटुंबाबरोबर, मग मदतगट, आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनीवरून सल्ला. ४०६ कुटुंबांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हे साहाय्य मिळाले, त्यांचे रुग्ण शुश्रूषागृहात जाण्याची वेळ मध्यमानाने ५५७ दिवसांनी लांबली. दीड वर्ष अधिक ती माणसे आपल्या घरी राहिली. हे रुग्णाच्या पोटात कोणतेही नवे औषध न जाता झाले.

चार बैठका सगळ्या कुटुंबाबरोबर, या शब्दांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचा गौरव फार होतो. पण आजाऱ्याचे करण्याची पाळी आली की ते कुटुंब एका बाईत एकत्र होते. डोंबिवलीचा मुलगा रविवारी फळे घेऊन येतो, वडिलांशी तास-दीड तास हसून बोलतो, आणि जाताना वहिनीला म्हणतो, "बाबा तर ठणठणीत दिसतात!" या एका वाक्याने तिच्या सहा दिवसांवर पाणी पडते. त्या मुलाला सर्वांसमक्ष बसवून विचारावे, "रविवारी रात्री तू येथे झोपशील काय? म्हणजे वहिनी एक रात्र झोपेल." समुपदेशन याहून फार निराळे नसते. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात स्थापन झाली. कुटुंबांचे मदतगट चालविणे हे तिच्या कामातले एक मुख्य काम.

शेवटी या भागातल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे एक सूचना ठेवतो. गणपतीच्या दिवसांत लाखोंची गर्दी आवरणारी ही मंडळी आहेत. त्यांना आठवड्यातून दोन दुपारी एक खोली उघडून देणे जड नाही. सात-आठ माणसे पुरेत, अधिक नकोत. आजार फार पुढे गेलेल्यांना या बैठकीत त्रास होतो, म्हणून सौम्य आणि मध्यम अवस्थेतली माणसे घ्यावीत. पंखा चालू असावा, ध्वनिक्षेपक नसावा. खुर्च्या ओळीत न मांडता गोल मांडाव्यात, म्हणजे साचेवाल्यांना ओठ दिसतील. सुरुवातीला प्रत्येक वेळी तेच गाणे म्हणावे, त्यांनीच निवडलेले. गटाला त्यांनीच नाव द्यावे. चालविणारे दोघे असावेत, एक बोलेल, दुसरा उठून जाणाऱ्याच्या बरोबर जाईल. कोणी काही चुकले तर दुरुस्त करू नये. आणि या पाऊण तासात सुनेला त्या खोलीत बसवू नये. तिने बाहेर काय करावे, हे तिचे तिने ठरवावे. घरी जाऊन झोपली तरी चालेल, बाबांना नंतर कोणी तरी पोहोचवील.